परतावा (संकल्पना)

परतावा म्हणजे एखाद्या कामात घातलेले भांडवल, जमीन, कच्चा माल, श्रम किंवा वेळ यांच्या प्रमाणात त्यातून मिळणारे फळ होय. शेतीत व प्रक्रिया उद्योगात याच संकल्पनेला उतारा असे म्हणतात. वित्तव्यवहारात परतावा किंवा उत्पन्नदर हे शब्द रूढ आहेत. परतावा ही नेहमी एक तुलना असते. केवळ "वीस टन ऊस" किंवा "सात हजार रुपये" एवढ्याने परतावा कळत नाही. किती जमिनीतून, किती रकमेवर व किती काळात, हे सांगितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ येत नाही.

ही संकल्पना मुळात शेतीची असली, तरी एकोणिसाव्या व विसाव्या शतकांत ती गुंतवणूक, शिक्षण, सार्वजनिक प्रकल्प आणि करमणूक अशा अनेक क्षेत्रांत पसरली. या लेखात महाराष्ट्रातील, विशेषतः सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या वैभववाडी तालुक्यातील, उदाहरणांच्या आधारे या संकल्पनेचा आढावा घेतला आहे.

शब्द व अर्थच्छटा

परतावा हा शब्द परतणे या क्रियापदापासून आला आहे. गेलेली वस्तू परत येणे हा त्याचा मूळ अर्थ असून कर परतावा या शब्दप्रयोगात तो आजही टिकून आहे. गुंतवणुकीच्या संदर्भात मात्र मुद्दल परत येण्यास परतफेड आणि मुद्दलावर मिळणाऱ्या लाभास परतावा म्हणतात. हा भेद न पाळल्यास गफलत होते, कारण मुद्दलाचाच काही भाग हप्त्याने परत देऊन त्याला परतावा म्हणवणे ही फसव्या योजनांची जुनी रीत आहे.

उतारा या शब्दाचे मराठीत अनेक अर्थ आहेत. शेतातून किंवा घाण्यातून उतरणारे उत्पादन हा त्यांपैकी एक. याखेरीज सातबारा उतारा (नोंदवहीतील नक्कल), पाठ्यपुस्तकातील उतारा (लेखनाचा निवडक भाग), विषावरील उतारा (प्रतिकारक औषध) आणि बाधा टळावी म्हणून उतरून टाकलेला उतारा असे अर्थ प्रचलित आहेत. या लेखात फक्त उत्पादनाचे प्रमाण या अर्थाचा विचार केला आहे.

शेतीतील उतारा

शेतीत उतारा सामान्यतः क्षेत्राच्या प्रमाणात मोजतात. एकरी किंवा हेक्टरी क्विंटल अथवा टन ही त्याची आजची एकके होत. एक एकर म्हणजे ४० गुंठे. जुन्या काळी भाताचे उत्पादन पायली, मण, खंडी अशा मापांत सांगितले जाई. फळझाडांच्या बाबतीत प्रतिझाड किलो हे माप वापरतात. हापूस आंब्याचे झाड एका वर्षी भरपूर फळल्यावर पुढील वर्षी कमी फळते. त्यामुळे एकाच हंगामाचा उतारा फसवा ठरतो व अनेक वर्षांची सरासरी पाहावी लागते.

क्षेत्राऐवजी दुसऱ्या मर्यादित साधनाच्या प्रमाणात उतारा मोजल्यास निष्कर्ष बदलू शकतो. पाणी कमी असलेल्या भागात दर घनमीटर पाण्यामागे मिळणारे उत्पादन अधिक महत्त्वाचे असते. मजूर मिळेनासे झाले की दर माणूसदिवसामागचे उत्पादन पाहिले जाते. कोकणात डोंगरउतारावरील नाचणी, वरी यांची शेती मागे पडून त्या जागी काजू व आंबा आला, त्यामागे हे एक कारण आहे. १९९० मध्ये रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवड योजना सुरू झाल्यावर या बदलास गती मिळाली.

उताऱ्यातील वाटा

शेतातून किती उतरले याइतकाच त्यातून कसणाऱ्याच्या घरात किती गेले, हा प्रश्न जुना आहे. कुळाने पिकाचा निम्मा किंवा तिसरा हिस्सा खंड म्हणून देण्याची पद्धत कोकणात होती. खोती पद्धतीत सरकार व कुळ यांच्यामध्ये खोत असे, आणि चांगल्या पिकाचा लाभ कुळापर्यंत पुरेसा पोहोचत नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्यासाठी विधेयक मांडले. खोती रद्द करणारा कायदा स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये झाला. १९४८ च्या कूळ कायद्यातील पुढील दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि त्या दिवशी कसणाऱ्या कुळांना जमिनीचे मालक मानण्यात आले. खंडाचे प्रमाण घटल्यावर जमिनीत अधिक श्रम घालण्यास कुळाला कारण मिळते, हा या सुधारणांमागील आर्थिक युक्तिवाद होता.

पैसेवारी व पीक कापणी प्रयोग

महसूल खाते पिकाच्या उताऱ्याचा अंदाज पैसेवारीने व्यक्त करते. दशमान चलन येण्यापूर्वी तिला आणेवारी म्हणत. प्रमाण उत्पादन शंभर पैसे धरून चालू वर्षीचे पीक त्याच्या किती पैसे आले, ते गावनिहाय ठरवले जाते. नजर, सुधारित व अंतिम अशा तीन टप्प्यांत ती जाहीर होते. पन्नास पैशांपेक्षा कमी पैसेवारी हा टंचाईसदृश परिस्थितीचा पारंपरिक निकष आहे. त्यामुळे गावाची पैसेवारी ४९ आली की ५१, यावर जमीन महसुलातील सूट, कर्जवसुलीस स्थगिती व विद्यार्थ्यांची परीक्षा शुल्क माफी अशा सवलती अवलंबून राहत आल्या आहेत.

नजरेच्या अंदाजाऐवजी प्रत्यक्ष कापणी करून उतारा काढण्याची शास्त्रशुद्ध पद्धत विकसित करण्यात सातारा जिल्ह्यातील बुध येथे जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे (१९११–१९९७) यांचा मोठा वाटा आहे. यादृच्छिक रीतीने निवडलेल्या शेतात ठरावीक आकाराचा तुकडा आखून त्यातील पीक कापतात, मळतात व वजन करतात. भातासाठी हा तुकडा सामान्यतः १० मीटर × ५ मीटर, म्हणजे ५० चौरस मीटर असतो. हेक्टरी आकडा काढण्यासाठी त्या वजनास २०० ने गुणावे लागते. अर्थात तुकड्यातील एका किलोची चूक हेक्टरी दोन क्विंटलांची चूक होते. तुकडा फार लहान असेल, तर कडेची रोपे आत धरण्याच्या प्रवृत्तीमुळे उतारा फुगतो. तुकड्याच्या योग्य आकारावरून सुखात्मे व प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्यात झालेला मतभेद भारतीय संख्याशास्त्राच्या इतिहासात प्रसिद्ध आहे.

पीक विम्यात हाच आकडा निर्णायक असतो. मंडळातील सरासरी उत्पादन उंबरठा उत्पादनाच्या खाली गेल्यास भरपाई मिळते. उंबरठा उत्पादन काढताना मागील सात वर्षांपैकी चांगल्या पाच वर्षांची सरासरी घेऊन तिला जोखीम स्तराने गुणतात. मोजणी मंडळाची असल्याने एखाद्याच शेताचे पीक बुडाले, तर या निकषाने भरपाई मिळतेच असे नाही. आंबा व काजू या पिकांसाठी मात्र उताऱ्याऐवजी तापमान, अवेळी पाऊस, वाऱ्याचा वेग अशा हवामान घटकांवर आधारित विमा आहे.

साखर उतारा

गाळलेल्या उसाच्या वजनाशी त्यातून मिळालेल्या साखरेचे शेकडा प्रमाण म्हणजे साखर उतारा होय. १०० किलो उसापासून ११ किलो साखर निघाली, तर उतारा ११ टक्के. महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखानदारीचा आरंभ प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील व अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने झाला. तेथील पहिला गळीत हंगाम १९५० च्या अखेरीस सुरू झाला. तेव्हापासून उतारा हा शब्द सहकाराच्या परिभाषेत व राजकारणातही रुळला.

उसाचा किमान दर उताऱ्याशी जोडलेला आहे. २००९-१० पासून केंद्र सरकार रास्त व किफायतशीर दर, म्हणजेच एफआरपी, जाहीर करते. २०२४-२५ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्यास क्विंटलला ३४० रुपये दर होता. त्यावरील प्रत्येक ०.१ टक्क्यास ३.३२ रुपये वाढ आणि खाली त्याच प्रमाणात घट होती. ९.५ टक्क्यांपेक्षा कितीही कमी उतारा असला, तरी ३१५.१० रुपयांच्या खाली दर जात नव्हता. या हिशेबाने उताऱ्यातील एका टक्क्याची किंमत टनामागे ३३२ रुपये होते. एकरी ४० टन ऊस घेणाऱ्या शेतकऱ्यासाठी हा फरक एकरी १३,२८० रुपयांचा आहे.

मात्र हा उतारा शेतकऱ्याच्या स्वतःच्या उसाचा नसून संपूर्ण कारखान्याच्या सरासरीचा असतो. त्यामुळे उत्तम ऊस पिकवणाऱ्यास व कच्चा ऊस घालणाऱ्यास एकच दर मिळतो. शेतकरी साहजिकच वजनाकडे लक्ष देतो, तर कारखाना साखरेकडे. पाडेगाव येथील ऊस संशोधन केंद्राने प्रसारित केलेल्या को ८६०३२ व फुले २६५ या वाणांची तुलना याच अंगाने केली जाते. पहिला चांगल्या साखर उताऱ्यासाठी, तर दुसरा अधिक टनेजसाठी ओळखला जातो. दर कोणत्या हंगामाच्या उताऱ्यावर द्यावा, हाही वादाचा विषय आहे. चालू हंगामाच्या उताऱ्यानुसार दोन टप्प्यांत रक्कम देण्याचा राज्य सरकारचा २०२२ चा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये रद्द ठरवला.

गुंतवणुकीतील परतावा

गुंतवणुकीत परतावा हा रकमेवरील वार्षिक शेकडा दर म्हणून सांगतात. कर्जरोख्याच्या बाबतीत व्याजदर आणि परतावा या भिन्न गोष्टी आहेत. १,००० रुपये दर्शनी मूल्याच्या व ७ टक्के व्याजाच्या रोख्यावर दरवर्षी ७० रुपये मिळतात. हा रोखा बाजारात ८७५ रुपयांस घेतला तर चालू परतावा ८ टक्के होतो. १,१२० रुपयांस घेतला तर ६.२५ टक्के. म्हणजेच रोख्याची किंमत व परतावा यांचे नाते व्यस्त असते. मुदत संपताना दर्शनी मूल्य परत मिळते, तो नफातोटाही हिशेबात धरल्यास मुदतपूर्तीचा परतावा मिळतो. समभागांसाठी लाभांशाचे बाजारभावाशी असलेले प्रमाण आणि घरासाठी वार्षिक भाड्याचे घराच्या किमतीशी असलेले प्रमाण हीदेखील याच संकल्पनेची रूपे होत. एक कोटी रुपयांचे घर महिना २५,००० रुपये भाड्याने दिल्यास भाड्यातून मिळणारा परतावा केवळ ३ टक्के असतो, आणि देखभाल व कर वजा जाता तो आणखी घटतो.

महागाईचा दर वजा केल्यावर उरतो तो वास्तव परतावा. ठेवीवर ७ टक्के व्याज आणि महागाई ६ टक्के असेल, तर ठेवीदाराची क्रयशक्ती वर्षाला एका टक्क्याहूनही किंचित कमीच वाढते. जोखीम जितकी अधिक तितका अधिक परतावा मागितला जातो. म्हणून असाधारण परतावा हा बहुधा असाधारण जोखमीचा दर असतो.

रक्कम दुप्पट होण्याचा काळ काढण्यासाठी ७२ चा नियम वापरतात. ७२ ला वार्षिक दराने भागल्यास अंदाजे वर्षे मिळतात. डाकघरांतून विकले जाणारे किसान विकास पत्र १९८८ मध्ये सुरू झाले, तेव्हा रक्कम साडेपाच वर्षांत दुप्पट होत असे, म्हणजे दर सुमारे १३ टक्के होता. १ एप्रिल २०२३ पासून त्यावर ७.५ टक्के व्याज असून रक्कम ११५ महिन्यांत दुप्पट होते. ७२ ला ७.५ ने भागल्यास ९.६ वर्षे, म्हणजे जवळपास ११५ महिनेच येतात.

दामदुपट ते दामदुप्पट

हिंदू धर्मशास्त्रात दामदुपट नावाचा नियम आहे. त्यानुसार सावकारास एका वेळी वसूल करता येणारे व्याज मुद्दलापेक्षा अधिक असू शकत नाही. धान्याच्या कर्जासाठी मनुस्मृतीत ही मर्यादा पाचपटीपर्यंत सांगितली आहे. ब्रिटिश काळात मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी दामदुपटीचा नियम हिंदू ऋणकोंना लागू ठेवला. गावपातळीवर मात्र धान्य सवाईने किंवा दिढीने, म्हणजे एका हंगामाअखेर सव्वापट वा दीडपट परत करण्याच्या बोलीवर दिले जाई.

अमेरिकी यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात भारतीय कापसाचे भाव चढले. मुंबईत त्या पैशातून बँका व समुद्र बुजवण्याच्या कंपन्यांच्या शेअरांचा सट्टा माजला आणि युद्ध संपताच तो कोसळला. चढत्या भावांच्या भरवशावर कर्जे वाढवलेल्या दख्खनच्या शेतकऱ्यांना त्यानंतर भाव उतरल्याची झळ बसली. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथून सावकारांविरुद्धचे दख्खनचे दंगे सुरू झाले; त्यांत प्रामुख्याने कर्जखते जाळण्यात आली. त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबईत आजच्या मुंबई शेअर बाजाराची मूळ संघटना स्थापन झाली. दंग्यांच्या चौकशीनंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला.

ऋणकोचे रक्षण करणारी मर्यादा म्हणून जन्मलेला दामदुपट हा शब्द विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ठेवीदाराला भुलवणारे वचन बनला. दामदुप्पट योजना, साखळी योजना, शेळी, इमू किंवा कडकनाथ कोंबडीपालनात पैसे गुंतवण्याच्या योजना यांत राज्यातील असंख्य कुटुंबांची बचत बुडाली. कडकनाथ प्रकरण २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातून उघडकीस आले. अशा योजनांत आधीच्या गुंतवणूकदारांचा परतावा नंतरच्यांच्या मुद्दलातून दिला जातो. आठवड्याला ६ टक्के देणाऱ्या योजनेत रक्कम चक्रवाढीने बारा आठवड्यांत दुप्पट होते. कोणताही प्रामाणिक व्यवसाय हा दर टिकवू शकत नाही. या फसवणुकींना आळा घालण्यासाठी महाराष्ट्राने १९९९ मध्ये ठेवीदारांच्या हितसंबंधांचे संरक्षण करणारा कायदा केला. २०१९ मध्ये केंद्राने अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी आणणारा कायदा केला.

शिक्षणातील परतावा

शिक्षणावरील खर्च हा उपभोग नसून गुंतवणूक आहे, हा विचार थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६० मध्ये मांडला. गॅरी बेकर (१९६४) व जेकब मिन्सर (१९७४) यांनी त्याला गणिती रूप दिले. शिक्षणाच्या प्रत्येक अधिक वर्षामागे कमाई किती वाढते, ते या पद्धतीत काढतात. जगभरातील अभ्यासांच्या आढाव्यात ही वाढ सरासरी ९ टक्क्यांच्या आसपास आढळली आहे. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये यावर वेगळे मत मांडले. त्यांच्या मते पदवी ही काही अंशी मालकाला दिलेली खूण असते. तिच्यामुळे कौशल्य वाढतेच असे नाही.

हा परतावा कोणाला मिळतो, हा प्रश्न महाराष्ट्रात त्यापूर्वीच उपस्थित झाला होता. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात सरकारी महसूल शेतकऱ्यांच्या श्रमातून येतो, पण त्यातून दिल्या जाणाऱ्या उच्च शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गांनाच होतो, असे दाखवून प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेने कमवा आणि शिका या योजनेद्वारे गरीब विद्यार्थ्याच्या श्रमाचे रूपांतर शिक्षणात केले.

वैभववाडी तालुक्यातील स्वरूप

वैभववाडी हा सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेला तालुका असून त्याला समुद्रकिनारा नाही. करूळ व भुईबावडा या घाटांनी तो गगनबावडा व कोल्हापूरशी, तर वैभववाडी रोड स्थानकामुळे कोकण रेल्वेशी जोडलेला आहे. किनाऱ्यालगतच्या तालुक्यांत आंबा व मासेमारीला जे महत्त्व आहे, ते येथे भात, काजू व ऊस यांना आहे.

ऊस — सिंधुदुर्ग जिल्ह्यात साखर कारखाना नसल्याने येथील ऊस घाट चढून मुख्यतः गगनबावडा तालुक्यातील कारखान्याकडे जातो. तोडलेला ऊस जितका उशिरा गाळला जातो तितके त्याचे वजन व साखर दोन्ही घटतात, त्यामुळे येथे उताऱ्याचा प्रश्न रस्त्याशी बांधला गेला आहे. महाराष्ट्रात तोडणी व वाहतुकीचा खर्च उसाच्या दरातून वजा केला जातो. जानेवारी २०२४ पासून करूळ घाट रुंदीकरण व काँक्रीटीकरणासाठी वर्षाहून अधिक काळ बंद राहिला आणि वाहतूक इतर घाटांनी वळवावी लागली. एकरी टनेज व साखर उतारा हे दोन्ही आकडे चांगले असूनही तोडणीस टोळी वेळेवर न मिळाल्यास शेतकऱ्याच्या हाती येणारी रक्कम घटते.

काजू — काजूत दोन उतारे मोजले जातात: झाडामागे मिळणारी बी आणि बीमागे मिळणारा गर. १९५७ मध्ये स्थापन झालेल्या वेंगुर्ला येथील फळ संशोधन केंद्राने दोन्ही दृष्टींनी सरस अशी वेंगुर्ला मालिकेतील कलमे विकसित केली. वेंगुर्ला-४ व वेंगुर्ला-७ या वाणांत बीच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के गर मिळतो. गावठी बीचे प्रमाण याहून कमी असते. बी विकणाऱ्या बागायतदाराला गराच्या उताऱ्याचा थेट लाभ मिळत नाही. तो प्रक्रिया करणाऱ्याकडे जातो. म्हणून तालुक्यात प्रक्रिया व्हावी, ही मागणी केवळ रोजगाराची नसून उताऱ्यातील वाट्याचीही आहे. गोव्यात फेणीसाठी वापरले जाणारे बोंडू येथे बहुतांशी वाया जातात व कोणत्याही उताऱ्यात मोजले जात नाहीत.

अरुणा प्रकल्प — हेत येथील अरुणा मध्यम पाटबंधारे प्रकल्पामुळे आखवणे, भोम या गावांना विस्थापन सोसावे लागले. २०१९ च्या पावसाळ्यात धरणात पाणी साठू लागले, तेव्हा पुनर्वसन अपुरे असल्याच्या तक्रारी होत्या. अशा प्रकल्पांचा परतावा लाभ-व्यय गुणोत्तराने मांडतात. सिंचनामुळे वाढणारे पीक लाभाच्या, तर बांधकाम व भरपाई व्ययाच्या रकान्यात येते. लाभ कालव्याखालच्या गावांना व व्यय बुडालेल्या गावांना, अशी विभागणी मात्र त्या एका आकड्यात दिसत नाही.

शिक्षण — कोकण विभागीय मंडळ २०१२ मध्ये अस्तित्वात आल्यापासून दहावी व बारावीच्या निकालांत राज्यात अग्रेसर राहिले आहे. २०२४ मध्ये या विभागाचा दहावीचा निकाल ९९.०१ टक्के, तर बारावीचा ९७.५१ टक्के लागला. वैभववाडीत आनंदीबाई रावराणे कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालय असल्याने पदवीचे शिक्षण तालुक्यातच घेता येते. तथापि शिक्षण येथे व नोकरी मुंबई, पुणे किंवा गोव्यात, ही स्थिती कायम आहे. गिरण्यांच्या काळात, म्हणजे १९८२ च्या संपापर्यंत, मुंबईकर चाकरमान्याची मनीऑर्डर हा गावाला मिळणारा परतावा होता. कुटुंबे पूर्णपणे शहरात स्थिरावल्यावर तो आटला आणि गावातील शाळांचा पट घसरला. २०२३ मध्ये राज्य सरकारने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूह शाळांचा विचार मांडला, तेव्हा कोकणातील विखुरलेल्या वाड्यांचा प्रश्न चर्चेत आला. दर विद्यार्थ्यामागे येणारा खर्च पाहिल्यास लहान शाळा महाग ठरते. पावसाळ्यात ओढा ओलांडून दुसऱ्या गावी जाणे भाग पडल्यास मुलाचे, विशेषतः मुलीचे, शिक्षण सुटण्याचा धोका या हिशेबात येत नाही.

लोकप्रिय संस्कृतीत

मराठी म्हणींत परताव्याचा विचार ठळकपणे आढळतो. पेरावे तसे उगवते ही म्हण कर्म व फळ यांचे प्रमाण सांगते. आवळा देऊन कोहळा काढणे हा वाक्प्रचार अल्प गुंतवणुकीवर मोठा लाभ उपटण्यासाठी, तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण खर्चापेक्षा फळ कमी असल्यास वापरतात. दुभत्या गाईच्या लाथा गोड, यात परताव्यासाठी सोसलेला त्रास आहे. उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी ही उक्ती उपजीविकांचा प्रतिष्ठेनुसार क्रम लावते. आज लग्नाच्या बाजारात हा क्रम उलटा झालेला दिसतो.

चित्रपटांत झटपट परताव्याचा मोह हा विनोदाचा व शोकांतिकेचा विषय ठरला आहे. फिर हेरा फेरी (२००६) या हिंदी चित्रपटाचे कथानक अल्पकाळात पैसे दुप्पट करणाऱ्या योजनेभोवती फिरते. १९९२ चा रोखे घोटाळा पत्रकार सुचेता दलाल यांनी उघडकीस आणला. त्यांनी व देबाशिष बसू यांनी लिहिलेल्या पुस्तकावर आधारित स्कॅम १९९२ ही हंसल मेहता दिग्दर्शित मालिका २०२० मध्ये प्रदर्शित झाली. चित्रपटांचे यशही आता निर्मितिखर्च व तिकीटबारीवरील गल्ला यांच्या प्रमाणात सांगितले जाते. शेती व नगररचनेच्या संगणकीय खेळांतही प्रत्येक जागेचा उतारा आकड्याने दाखवलेला असतो.

टीका व मर्यादा

परताव्याच्या आकड्यावर मुख्यतः तीन आक्षेप घेतले जातात. पहिला, तो भाजकावर अवलंबून असतो. जमीन, पाणी, पैसा व श्रम यांपैकी कशाने भागावे, हे ठरवणारा निष्कर्षही ठरवतो. दुसरा, सरासरीत वाटणी लपते. कारखान्याचा उतारा, मंडळाची पैसेवारी व प्रकल्पाचे लाभ-व्यय गुणोत्तर ही त्याची उदाहरणे होत. तिसरा, जे मोजले जात नाही ते शून्य धरले जाते. जमिनीचा कस, घरातील स्त्रियांचे विनामोल श्रम आणि गावात चालू राहिलेली शाळा यांची किंमत बहुतेक हिशेबांत येत नाही.

असे असले तरी परतावा न मोजता निर्णय घेणे हा यावरील उपाय मानला जात नाही. आकड्यासोबत तो कशाच्या प्रमाणात, किती काळासाठी आणि कोणासाठी काढला आहे, हे सांगण्याचा आग्रह अभ्यासक धरतात.

हेही पहा

साखर कारखाना
पैसेवारी
चक्रवाढ व्याज
खोती
पीक विमा
रयत शिक्षण संस्था
वैभववाडी तालुका